चतुर्थीच्या दिवशी लागलेली जकात: आमच्या पेटीच्या कारखान्याची वाटचाल

आमच्या कुडाळच्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, कारखान्याला 2025 साली चाळीस वर्षे झाली. मुंबईतल्या एका पेटीवाल्याकडे अकरा वर्षे उमेदवारी करून वडील 1985 च्या शिमग्याला गावी आले ते परत गेलेच नाहीत. घराच्या पडवीत त्यांनी रंधा, पटाश्या, दोन कानशी आणि सूर तपासण्याचा एक जुना भाता मांडला आणि पहिली पेटी शेजारच्या वाडीतल्या भजन मंडळाला उधारीवर दिली. झिजलेल्या हॅक्सॉच्या पात्यापासून त्यांनी स्वतः घासून केलेली खरवडणी आजही आमच्या सूर लावण्याच्या टेबलावर आहे. पितळी जिभलीखाली पातळ पत्री सरकवून टोकाकडे खरवडले की सूर चढतो आणि रिबिटाजवळ खरवडले की उतरतो, हे सांगायला एक मिनिट लागते. पण कुठे थांबायचे हे हाताला कळायला आठ-दहा वर्षे जातात.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभल्या, गुजरातेतल्या पालिताण्याहून येत, सागवान इथलेच असे आणि गिऱ्हाईक म्हणजे भजन मंडळे, दशावतारी कंपन्या व देवळे. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि माल मागवणे सोपे झाले, एवढी एक नोंद पुरे.

पहिला धक्का त्यानंतर बसला. बिगरशेती मालावरील कमाल सीमाशुल्क 1991 च्या अर्थसंकल्पात 150 टक्क्यांवर आणले गेले होते. ते उतरत उतरत 2007 मध्ये 10 टक्क्यांवर आले. मध्यंतरी, 1 एप्रिल 2001 पासून, आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधनेही उठली. त्या पाच-सहा वर्षांत परदेशी बनावटीचे इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापर्यंत पोहोचले आणि आमची विक्री निम्म्यावर आली. तेव्हा व्यवसायातले आमचे सगळे बंधू एकच मागणी करत होते की शुल्क वाढवा. मला ती मागणी तेव्हाही अपुरी वाटत होती आणि आज तर अधिकच वाटते. जपानच्या यामाहा कंपनीने 2019 मध्ये चेन्नईजवळच्या कारखान्यात उत्पादन सुरू केले आणि की-बोर्ड इथेच तयार होऊ लागले, तेव्हा सीमेवरची भिंत कितीही उंच केली तरी स्पर्धा भिंतीच्या आतच उभी राहिली. आम्हाला त्या काळात शुल्काने नव्हे, भात्याने तारले. भात्यावरच्या हाताने आवाज फुगवता येतो, ओसरवता येतो, गजराच्या टिपेला नेता येतो; स्वस्तातल्या की-बोर्डात ती सोय नव्हती आणि आमच्या भजनीबुवांना तिच्याशिवाय चालत नव्हते.

आमची खरी कसोटी मात्र आपल्या सरकारच्या शुल्काने नव्हे, अमेरिकेच्या शुल्काने घेतली, आणि तिची हकिकत मी सविस्तर सांगणार आहे.

युरोप-अमेरिकेत कीर्तन करणाऱ्या लोकांमध्ये आपल्या पेटीला मागणी आहे हे व्यवसायातल्या सर्वांना ठाऊक आहे. 2016 पासून मुंबईचे एक निर्यातदार आमच्याकडून घडीच्या पेट्या घेऊ लागले आणि पुढे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस पेट्या त्यांच्याकडे जाऊ लागल्या. म्हणजे आमच्या कामाचा दोन तृतीयांश हिस्सा. पेटीवर पाटी त्यांची असे. वडिलांची सवय अशी होती की प्रत्येक पेटीच्या सूरफळीच्या, म्हणजे सूर बसवतात त्या फळीच्या, मागे पेन्सिलीने तारीख आणि गावाचे नाव लिहायचे. निर्यातदारांनी पहिल्याच वर्षी ती अक्षरे पुसून पाठवायला सांगितली, आणि मी पुसली. वडील तेव्हा हयात होते. ते काहीच बोलले नाहीत, पण त्यानंतर त्या पेट्यांच्या सूरफळ्यांना त्यांनी स्वतः हात लावला नाही.

अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के शुल्क लावले आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25. त्याशिवाय, आठशे डॉलरपर्यंतचे पार्सल तिकडे शुल्काविना उतरत असे, ती सवलतही 29 ऑगस्टपासून संपली. आमची एकेक पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी जात असल्यामुळे ही सवलतच या धंद्याचा पाया होती. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे याची व्यवस्था तिकडे तयार नसल्यामुळे आपल्या टपाल खात्याला 25 ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मालाची नोंदणी थांबवावी लागली. त्यात खात्याचा दोष नव्हता, पण आम्ही स्वतः पाठवायला काढलेल्या तीन पेट्या त्यामुळे अडकल्या. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. अमेरिकेत मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि आमच्या घरी भटजी नुकतेच पाटावर बसले होते. आरतीला मी पेटी वाजवली, पण माझे लक्ष मागच्या खोलीत खोक्यांत भरून ठेवलेल्या, निर्यातदारांच्या चौदा पेट्यांकडे होते.

चतुर्थीनंतर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आम्ही त्यांना एक पेटी 19,000 रुपयांना देत होतो आणि कागदोपत्री तिची किंमत ते 32,000 दाखवत, म्हणजे शुल्क 16,000 होत होते. त्यांनी सांगितले की पेटी यापुढे 12,500 रुपयांना द्या, नाहीतर चौदाच्या चौदा तुमच्याकडेच ठेवा. सूर, सागवान, फेल्ट, तार, पॉलिश आणि मजुरी धरून आमचा खर्चच 14,600 च्या घरात होता. मुद्दा असा आहे की शुल्क कागदावर तिकडचा आयातदार भरतो. प्रत्यक्षात ते साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या खिशातून निघते, आणि सूर लावणाऱ्यापेक्षा दुबळे त्या साखळीत कोणी नाही. नऊ वर्षांत त्यांनी भाव एकदाच वाढवून दिला होता आणि तो उतरवायला त्यांना चार दिवस पुरले. मी नकार दिला. त्यांनी आधी उचललेल्या मालाचे पैसेही त्यांच्याकडून पूर्ण आले नाहीत.

भाद्रपदातली कोकणातली हवा ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. महिनाभर बंद राहिलेली खोकी उघडली तेव्हा भात्याच्या चामड्यावर पांढरी बुरशी चढली होती, पट्ट्या फुगून एकमेकींना घासत होत्या आणि पितळी सुरांवर हिरवट डाग पडले होते. पतसंस्थेचा हप्ता थकला होता. आमचा सूर लावणारा कारागीर, जो वडिलांच्या हाताखाली तयार झाला होता आणि ज्याला दोन सुरांतली थरथर कानाने मोजता येत असे, तो दोन महिने अर्ध्या पगारावर थांबला आणि दसऱ्यानंतर गोव्यात फर्निचरच्या कामाला गेला. तो अजून परतलेला नाही. शुल्क उतरू शकते, करार होऊ शकतात, पण गेलेला कान कोणत्याही करारात परत मिळत नाही, याचे दुःख मला पैशांपेक्षा मोठे आहे.

आम्हाला सावरले ते एका बुवांनी. वडिलांनी उधारीवर दिलेली ती पहिली पेटी त्यांच्याच मंडळाची होती आणि चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाची पेटी मांडीसमोर घेतलेली नाही. खोकी पाहून ते म्हणाले, “तुमी कित्याक काळजी करतास? आमी आसंव मां!” पण त्यांनी नुसता धीर दिला नाही. एका पेटीवर दोन गजर गाऊन त्यांनी स्पष्ट सांगितले की हा आवाज घरात बसून गाणाऱ्याचा आहे, पखवाज आणि झांजांपुढे तो उभा राहणार नाही. ते खरेच होते. परदेशी गिऱ्हाइकाला हलक्या भात्यावर बोलणारा मऊ सूर हवा असतो, म्हणून जिभल्यांची टोके आम्ही त्यांच्या पितळी पट्टीला अगदी लगत ठेवलेली असतात. मी वडिलांची खरवडणी घेऊन बसलो. प्रत्येक सूर काढला, पुसला, जिभलीचे टोक केसभर वर उचलले, मादीचा, म्हणजे वरच्या सप्तकाचा, संच काढून खर्ज (खालचे सप्तक) आणि नर (मधले) ठेवला आणि पुन्हा सूर जुळवला. एका पेटीला पाच दिवस लागले. बुवांनी स्वतः एक घेतली आणि आसपासच्या मंडळांना शब्द टाकून मार्गशीर्षापर्यंत ती धरून अकरा खपवल्या, त्यातल्या बऱ्याच हप्त्यांवर, पण एकाचाही हप्ता चुकला नाही. दोन पेट्या बुरशीने कामातून गेल्या होत्या. टपालाची नोंदणी 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या स्वतःच्या तीनपैकी दोन पेट्या गिऱ्हाइकांनी शुल्क सोसून मागवून घेतल्या. तिसरीचे पैसे आम्ही परत केले.

या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आयात-निर्यात संकेतांक स्वतःच्या नावावर काढा आणि एका माणसाकडे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माल जाऊ देऊ नका. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना वस्तू व सेवा करातून सूट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. देशात विकलेल्या करमुक्त पेटीसाठी घेतलेल्या फेल्टवर, तारेवर आणि प्लायवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो, आणि ते न धरता भाव सांगणारे माझ्या पाहण्यात बरेच आहेत. सरकारकडे काही मागायचेच असेल तर या कराचा परतावा मागा, कारण त्याचा उपयोग गल्लीतल्या कारखान्याला होईल. आणि आषाढ ते भाद्रपद या काळात पेटीचा शेवटचा सूर लावू नका. आश्विनात तो पुन्हा लावावाच लागतो.

सध्या आम्ही महिन्याला चार पेट्या करतो. कारागीर दोघेच आहेत, त्यातला एक माझा पुतण्या, जो खरवडणी धरायला शिकतो आहे. चौदांतल्या दुरुस्त केलेल्या शेवटच्या पेटीला गिऱ्हाईक अजून मिळायचे आहे. तिची सूरफळी बसवण्यापूर्वी मी मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली आणि तिच्याखाली ‘कुडाळ’.