जिकडून झड, तिकडूनच वारा

बेलापूरला आमच्या घरावर पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त पडतो. घराचं तोंड पश्चिमेला, मागे पारसिकचा डोंगर, पुढे थोड्या अंतरावर खाडी. नैर्ऋत्येचा वारा सुटला की सरी आडव्या होतात आणि पुढच्या दाराखालून पाणी थेट हॉलमध्ये. दाराशी पायपुसणं, त्यावर गोणपाट, त्यावर जुनी चादर, असा आमचा पावसाळ्याचा बंदोबस्त वर्षानुवर्षं चालला होता. शेवटी पुढे पडवी काढायचं ठरलं.

ठरलं म्हटल्यावर सल्ले आलेच. त्यातला सगळ्यात लाडका सल्ला असा: वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाका, तिन्ही बाजूंनी स्लायडिंग काचा लावा, कटकट मिटली. आमच्या गल्लीत काहींनी तसंच केलंय. पावसाळ्यात ते खूश असतात. ऑक्टोबरमध्ये मात्र संध्याकाळी चहाला बोलावलं की दारातच सांगतात, 'इथे नको, आत एसीत बसू.' मग ती बाहेरची जागा उरते चपला, सायकली आणि सिलिंडरसाठी.

आमच्या बाजूची खरी गोम अशी की पावसाळ्यात झड जिकडून येते, तिकडूनच बाकीच्या आठ महिन्यांतला वाराही येतो. दुपार कलली की समुद्राकडून, खाडीवरून जी झुळूक येते तिच्यावरच आमचा ऑक्टोबर आणि आमचा मे निघतो. आणि एप्रिल-मेचं तिरपं ऊन, तेही त्याच बाजूने. तिघांसाठी एकच दरवाजा. काच लावली की झड थांबते, पण वाराही थांबतो आणि ऊन मात्र आत येऊन बसतं. शिवाय पावसाळाही पूर्वीसारखा वेळेवर आवरत नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, त्यात मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणजे सकाळी रणरणतं ऊन आणि संध्याकाळी गडगडाट, असे दिवस ऑक्टोबरात येणारच. अशा दिवशी पडवी दोन्हीला पुरली पाहिजे, तेही कुणी काचा सरकवत न बसता.

माझी भाची आर्किटेक्ट आहे, ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. मला वाटलं होतं ती येऊन कौलाचे रंग वगैरे दाखवेल. तिने फोनवरच काम लावलं. 'मावशी, जोराचा पाऊस पडून गेला की पुढची भिंत कुठपासून खाली ओली होते, तिथे पेन्सिलने खूण कर. दर वेळी कर.' तेव्हा दारावर नुसता दीड फुटाचा छज्जा होता, ओट्यापासून साडेसात फुटांवर. खुणा थोड्या वरखाली झाल्या, पण जोरदार झडीच्या दिवशीच्या बहुतेक सगळ्या सहा फुटांच्या आसपास जमल्या. म्हणजे छज्जाच्या कडेवरून निघालेला थेंब दीड फूट आत येईपर्यंत दीड फूट खाली उतरतो. पंचेचाळीस अंश. आमच्या पावसाचा कोन आम्हाला घरच्या भिंतीनेच सांगितला.

मग बाकीचं कागदावर. पडवी अठरा फूट लांब, नऊ फूट खोल. वरच्या खोलीच्या खिडकीला धक्का न लावता छप्पर भिंतीला बारा फुटांवर टेकवता येत होतं. उतार दोनास एक धरला, म्हणजे दोन फूट पुढे गेलं की एक फूट खाली. नऊ फुटांवरच्या खांबांशी छप्पर साडेसात फुटांवर येतं. तिथेच थांबवलं तर पंचेचाळीस अंशांची झड साडेसात फूट आत शिरणार, कोरडी राहणार फक्त भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी. ती कशाला पुरणार? पण छप्पर खांबांच्या पुढे आणखी दोन फूट काढलं तर कड साडेसहा फुटांवर येते, आणि झडीचे पहिले दोन फूट खांबांच्या बाहेरच संपून ती आत येते साडेचार फूटच. एक फूट छप्पर वाढवलं की दीड फूट जमीन कोरडी होते, कारण ते नुसतं पुढे जात नाही, खालीही उतरतं. कठड्याची भिंत बांधून हा हिशेब बदलत नाही. तिच्यामुळे कडेजवळचा भाग वाचतो, पण सगळ्यात आत येणारा थेंब छपराच्या कडेवरूनच येतो.

साडेसहा फूट म्हटल्यावर माझे यजमान हळहळले. पोर्च कसा भव्य दिसला पाहिजे! सासूबाईंना मात्र काही नवल वाटलं नाही. त्या दापोलीकडच्या. म्हणाल्या, 'गावच्या पडवीत शिरताना वाकायलाच लागायचं. आमच्या ह्यांचं टाळकं दर वर्षी एकदा तरी वाशावर आपटायचं.' अंगण पडवीहून एक फूट खाली असल्याने आमच्याकडे बाहेरून येणाऱ्याला साडेसात फूट उंची मिळते, त्यामुळे टाळकी शाबूत आहेत.

हाच कोन उन्हालाही लावता येतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे पावणेचारच्या सुमारास सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो, तेव्हा ऊनही साडेचार फूटच आत येतं. पावणेपाचपर्यंत ते भिंतीच्या पायथ्याशी पोचतं. त्यापुढे सूर्यास्तापर्यंतच्या दोन-सव्वादोन तासांना कुठलंही छप्पर पुरत नाही, तिथे चिकाचे पडदेच हवेत. बांबूच्या काड्यांचे, गुंडाळून वर बांधता येणारे. त्यांतून वारा येतो, ऊन चाळून येतं. ते मार्चमध्ये लावायचे आणि मेअखेर उतरवून माळ्यावर टाकायचे. पावसात टांगून ठेवले तर बुरशी धरतात.

कौलं आणि खांब आमच्याकडे आले ते एका वाईट प्रसंगातून. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं, त्यात यजमानांच्या काकांच्या गावच्या घराचं छप्पर उडालं. पुढे ते घर उतरवलं. सागाचे खांब, काही वासे आणि शाबूत राहिलेली मंगलोरी कौलं आमच्या वाट्याला आली. कमी पडली ती जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतली. एकूण तीनशेच्या वर लागली, म्हणजे कोरडंच वजन आठशे किलोच्या आसपास. ही कौलं १८६५ पासून मंगळूरला बासेल मिशनने करायला घेतली आणि समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. प्रत्येकाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. आमच्या छपरात चार-पाच कारखाने नांदतायत, आणि सगळ्यांचे खाचे एकमेकांत बसत नाहीत, हे सुताराला वर चढल्यावर कळलं. मग कौलं उतरवून अंगणात कारखान्याप्रमाणे ढीग लावले आणि एकेका नावाची एकेक पट्टी बसवली. खालून बघितलं तर रंगाच्या हलक्या पट्ट्या दिसतात. मला आवडतात.

त्या वादळामुळे भाचीने एका गोष्टीत कुणाचंच ऐकलं नाही. आपल्याला वाटतं छपराचं वजन खांबांवर येतं, म्हणून खांब भक्कम हवेत. उघड्या पडवीला उलटा धोका जास्त. वारा खाली शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून वासा आडव्या तुळईला नुसत्या खिळ्यांनी नाही, तर पट्टी आणि बोल्टने बांधला, तुळई खांबाला बांधली आणि खांब पायातल्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी प्लेटला. कडेच्या दोन ओळींतली कौलं तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांना, आवळली. खाडीच्या दमट, खारट हवेत लोखंड टिकत नाही, त्यामुळे पट्ट्या आणि बोल्ट सगळे गॅल्व्हनाइज केलेले घेतले. खांबांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. नऊ इंची काँक्रीटच्या उंचवट्यावर उभे आहेत, म्हणजे पाणी साचून लाकूड कुजायला नको आणि वाळवी चढायला लागली तर दिसावी. मिस्त्रींनी एकदा विचारलं, 'ताई, ही पडवी आहे का क्रेन?'

उताराबद्दलही त्यांचं म्हणणं होतं की एवढा कशाला, पंधरा अंश बास. पत्रा असता तर चाललं असतं. कौलांना कमी उतार दिला की वारा पाणी उलटं वर ढकलतो आणि ते दोन कौलांच्या जोडातून आत गळतं. जिथे छप्पर भिंतीला टेकतं तीही जागा अशीच नाजूक. तिथे नुसता सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला तिरपा लेप, मारला तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग पडते. आम्ही भिंतीत खाच पाडून ॲल्युमिनियमची पट्टी आत घुसवली, ती कौलांवर उतरवली आणि मग वर वाटा मारला.

पन्हळ लावायची की नाही यावर घरात दोन तट पडले. शेजारचा बदाम वर्षभर एवढा पाला गाळतो की पन्हळ महिन्यातून एकदा साफ करावी लागली असती, आणि शिडीवर कोण चढणार हे मला माहीत होतं. हिशेब केला तर छपराची आडवी मापं अठरा बाय अकरा फूट, म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर अठराशे लिटरच्या वर पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तसा पडला तर या एवढ्याशा छपरावरून सतरा हजार लिटर. पाला अडकलेली पन्हळ त्याला काय पुरणार? म्हणून पागोळ्या मोकळ्या सोडल्या, आणि त्या पडतात तिथे दीड फूट रुंद चर खणून त्यात मोठी खडी भरली, तळाशी छिद्रांचा पाइप टाकला. फरशीवर पडलेली पागोळी फुटून चिखल उडवते, खडीवर पडली की तिथल्या तिथे जिरते. पन्हळीचा एकच तुकडा लावलाय, पायऱ्यांच्या वर. पाहुण्याच्या मानेवर पागोळी नको.

फरशी खरखरीत कोटा. दुकानदार चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल गळ्यात मारत होता. ओल्या पायाने त्यावरून सासूबाई चालणार म्हटल्यावर विषय संपला. बाहेरच्या बाजूला एक-सव्वा इंच ढाळ दिलाय, साचलेलं पाणी झाडू न घेता निघून जातं.

भाचीच्या सुंदर नकाशात कपड्यांची दोरी नव्हती. सासूबाईंनी नकाशा हातात घेऊन पहिला प्रश्न तोच विचारला. जुलैमध्ये या घरातल्या बायकांना पडवी हवी असते ती चहा पिऊन पाऊस बघायला नाही. पोरांचे युनिफॉर्म कुबट वास न येता वाळायला हवे असतात. त्यामुळे भिंतीलगतच्या साडेचार फुटांच्या कोरड्या पट्टीवर वर दोन पाइप आडवे टाकले, पुलीच्या दोऱ्यांसह, आणि त्याच ओळीत पंखा. पंख्याचं बटण आत, लाइन ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळाली की आपोआप बंद करणाऱ्या स्विचवर. झोपाळा त्या पट्टीच्या एका टोकाला गेला. यजमानांना तो मधोमध हवा होता.

एक तोटा मात्र सांगितला पाहिजे. खोल पडवी आणि खाली उतरलेलं छप्पर यांनी हॉल काळोखा होतो. पावसाळ्यात दुपारी वाचायचं तर दिवा लावावा लागतो. खिडकीसमोर येतील अशी काही काचेची कौलं घातली, तेवढा उजेड सुसह्य आहे. जास्त घातली असती तर मेमध्ये त्याच कौलांनी डोकं तापवलं असतं. ज्यांच्या हॉलला दुसरीकडून खिडकीच नाही, त्यांनी आधी हा विचार करावा.

परवानगीचं थोडक्यात: घरापुढचं सामासिक अंतर ही महापालिकेच्या लेखी मोकळी ठेवायची जागा आहे, तिथे छप्पर घालायचं तर नकाशा मंजूर करून घ्यावाच लागतो. उघडी पडवी आणि बंद केलेली खोली यांत तिथले लोक बरोब्बर फरक करतात. काचा न लावायला हेही एक कारण झालं. फाइल एका टेबलावर बराच काळ झोपली होती, त्यावर लिहायला बसले तर दुसरा लेख होईल.

मधल्या काळात भाची मला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये फिरवून आली. इतकी वर्षं बाजूला राहून मी तिथून फक्त रिक्षाने गेले होते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात-सात घरं एका छोट्या, साधारण आठ मीटरच्या चौकाभोवती, कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, आणि प्रत्येकाला आभाळ दिसणारी स्वतःची जागा. मूळची उतरत्या कौलांची घरं आता मोजकीच उरलीत, बाकी ठिकाणी बंगले उठलेत. जी उरलीत त्यांच्या छपरांच्या कडा भाचीने नुसत्या नजरेने मोजल्या आणि मला कोपराने ढोसलं. सगळ्या खाली उतरलेल्या.

घोडबंदर रोडवरच्या तिच्या स्वतःच्या फ्लॅटची गॅलरी मात्र चार फूट खोल आणि साडेनऊ फूट उंच आहे. तिथे पंचेचाळीस अंशांची झड कुठे पोचते ते कुणीही सांगेल. तिने वरच्या तुळईखाली आडवी कॅनव्हासची झालर लावलीय, अडीच फुटांची. तिची कड सात फुटांवर आली, पण मागची भिंत कोरडी राहायला अजून तीन फूट कमी पडतात, ते पावसाळ्यात खाली सोडायच्या पडद्याने भागवते. बिल्डरने छज्जा दिला असता तर एवढं करावं लागलं नसतं.

राहिले डास. खाडीजवळ राहायचं आणि डासांबद्दल बोलायचं नाही असं होत नाही. संध्याकाळी साडेसहा ते आठ पडवीत बसायचं तर पंखा जोरात हवा. त्या वाऱ्यात डास टिकत नाहीत, पण पेपरही टिकत नाही. जाळी लावली की वारा निम्मा होतो आणि जाळीत अडकलेली धूळ दर आठवड्याला धुवावी लागते, म्हणून मी नको म्हणते. यजमानांना जाळी हवीच आहे. सध्या तडजोड अशी की झोपाळ्याच्या टोकाला, तेवढ्याच सहा फुटांत, गुंडाळून ठेवायची जाळी लावायची. सुताराने माप नेलंय, गणपतीनंतर येतो म्हणालाय.