कुट्टी मशीन आणि ठिबकची नळी

परवा दुपारी उसाच्या खोडव्याच्या रानात, म्हणजे तोडीनंतर जुन्याच बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटतो तिथं, पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) कुट्टी चालली होती आणि आधी मला वास आला. विझवलेल्या मेणबत्तीचा येतो तसा. बेल्ट घसरला की करपलेल्या रबराचा वास येतो, तो मी लांबूनही ओळखते. हा वेगळा होता. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मशीनला देणारा मागचा शाफ्ट, सोडला, मशीन जमिनीवर टेकवलं, ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घातली आणि घरघर पूर्ण थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. पीटीओ सोडल्यावरही रोटर, म्हणजे पाती लावलेला मशीनमधला फिरता दांडा, बराच वेळ फिरत राहतो. ही थांबायची सवय अण्णांनी लावली आहे, आणि ती मी कितीही घाई असली तरी मोडत नाही.

डाव्या बाजूला, रोटरचं टोक बाजूच्या पत्र्यापाशी जिथं बेअरिंगला मिळतं, तिथं ठिबकची 16 एमएमची नळी गुंडाळून वितळली होती. हातातल्या पाटलीएवढं जाड काळं कडं झालं होतं. त्यावर पाचटाचा पीळ बसलेला, सुंभासारखा. विळ्यानं काही कापेना. हॅक्सॉच्या ब्लेडनं दोन ठिकाणी चिरलं, पेचकस घालून उचकटलं, तेव्हा कुठं ते निघालं. खाली ऑइल सीलच्या ओठात प्लॅस्टिकचा एक दोरा शिरलेला, ग्रीस पातळ होऊन पत्र्यावरून ओघळलेलं, आणि बेअरिंगच्या घराला हात लावला तर चटका बसला. अजून थोडा वेळ चालवलं असतं तर बेअरिंग तरी गेलं असतं, नाहीतर सभोवारच्या वाळल्या पाचटानं पेट घेतला असता. ज्या पाचटाला लोकांनी काडी लावू नये म्हणून मी हे मशीन घेऊन फिरते, त्यालाच माझ्या मशीननं आग लागली असती.

त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. त्यानं तोडीआधी नळ्या गोळा केल्या होत्या. पण उंदरांनी कुरतडलेली नळी जॉइनर लावून जोडलेली असते. ओढली की ती जॉइनरपाशी सुटते आणि हात-दीड हाताचा तुकडा पाचटाखाली राहून जातो. वरून काही दिसत नाही. म्हणून मी आता मशीन आत घालायच्या आधी रानातून पायी फिरते. हातात काठी, आणि लक्ष जास्त करून सबमेनच्या, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपाच्या, कडेला, कारण तुटके तुकडे तिथंच जास्त सापडतात. खताच्या पोत्यांची सुतळी, बांधाला आलेली तार, मल्चिंग पेपरचा फाटका पट्टा, सगळं उचलून बांधावर टाकते. एकराला वीस मिनिटं जातात. त्या दिवशी मी एका कडेनं फिरून तेवढ्यावरच थांबले होते.

आमच्या कृष्णाकाठी अजून बरीचशी तोड कोयत्यानंच होते. हार्वेस्टरच्या रानात पाचट आधीच तुकडे होऊन पडतं. हातानं तोडलेल्या रानात मात्र अख्खी लांब पानं एकात एक अडकून गादीसारखी पसरतात, आणि रोटरला पाचटाचा गुंडाळा बसतो तो इथंच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ते बारीक झालं तर सरीत बसतं, मातीला लागतं आणि कुजतं. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, हे प्रमाण आता पुष्कळांना पाठ आहे. पण पानं लांबच राहिली तर ती वर वर तरंगतात, खोडव्याचे कोंब त्यांच्याखाली अडकतात, आणि शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडेपेटी काढतो. म्हणून कुट्टी बारीक व्हावी याचा मला एवढा ध्यास आहे.

गुंडाळा का बसतो हे मला उशिरा उमगलं. या मशीनची पाती रोटरला घट्ट बसवलेली नसतात. बोल्टवर सैल लोंबत असतात, रोटर फिरला की वेगानं बाहेर फेकली जाऊन ताठ उभी राहतात. म्हणजे पात्याची ताकद धारेपेक्षा वेगात जास्त असते. दाट पाचट आलं, इंजिन दबायला लागलं की नव्या माणसाचा हात आपोआप ॲक्सिलरेटर कमी करतो. मीही पहिले दोन सीझन तेच करायचे. तिथंच सगळं बिघडतं. वेग उतरला की पाती मागे दुमडतात, पान कापायच्या ऐवजी ओढतात आणि ओढलेलं पान रोटरभोवती फिरतं. आता मी मीटरवरच्या पीटीओच्या 540 फेऱ्यांच्या खुणेवरून काटा खाली येऊ देत नाही. जड वाटलं तर गिअर कमी करते, सगळ्यात हळूवर आणते. तरी दबलं तर मशीन चार बोटं उचलून तो पट्टा दोनदा घेते.

दुसरी गोष्ट दहिवराची. सकाळी पाचट चामड्यासारखं लवचिक असतं, पात्याखाली वाकतं पण तुटत नाही. ऊन चढलं की तेच पान हातात कडकड मोडतं. मी मूठभर पाचट घेऊन पिळून बघते. मोडलं तर मशीन चालू, नुसतं वळलं तर थांबायचं.

पात्यांबद्दल लोक विचारतात, किती धार लावता? धार लागतेच, पण वस्तऱ्यासारखी नको, तशी धार पहिल्या दगडाला उडते. मशीन इतकं खाली घेतलं की पाती वरंब्याची माती खातात, तर एका दिवसात गोल होतात. म्हणून मागचा रोलर एक भोक खाली घेऊन मशीन थोडं वर ठेवलेलं बरं. मला धारेपेक्षा वजनाची काळजी जास्त. एक पातं तुटलं म्हणून तेवढंच नवीन बसवलं की समोरचं झिजलेलं पातं हलकं पडतं. माझा रोटर मिनिटाला 1800 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. मध्यापासून वीतभर अंतरावर 20 ग्रॅमचा जरी फरक असला तरी बेअरिंगला साधारण 14 किलोचा हिसका बसतो, सेकंदाला 30 वेळा. हा हिशोब भाच्यानं वहीत मांडून दाखवला, तेव्हापासून घरातला वजनकाटा मशीनच्या पेटीत गेला. पाती समोरासमोरच्या जोडीनं बदलते, दोन्ही तोलून. जड निघालं ते पाठीकडून ग्राइंडरवर घासते. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर ते पातं टाकून देते. बसवल्यावर प्रत्येक पातं बोटानं हलवून बघते. झुलायला हवं. अडकलं तर नट जास्त आवळलाय किंवा बुशीत चिखल वाळलाय.

ग्रीस पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला रोज, बेअरिंगला रोज. बेल्ट मध्यावर अंगठ्यानं दाबून बघायचा, बोटभर रुंदीइतका आत जायला हवा, जास्त नको. आणि दर दोन तासांनी थांबून रोटरची दोन्ही टोकं बघायची. गुंडाळा नवा असताना हातानं निघतो.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवते, हा सहावा सीझन. परवा संध्याकाळी ते काळं कडं मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "दुसरं टोक बघितलंस का गं?"

बघितलं नव्हतं. बॅटरी घेऊन अंगणात गेले. उजवीकडे नळी नव्हती, पण पाचटाचा दोन बोटं जाड वेढा होता. तो तिथंच बसून काढला. मग डावीकडचं सील बदलायला काढलं.

सकाळी सातलाच पुढच्या शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, निघालात का?" म्हटलं, साडेदहाला येते, दहिवर उतरू दे. तोवर तुम्ही सबमेनच्या कडेनं एक फेरी मारून ठेवा.