रॉडवर बंदी नको, गरम पाणी द्या

बेळगावच्या पावसाळ्यात होस्टेलच्या गच्चीवरचा सोलर जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थंडच असतो. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. मग खोल्याखोल्यांतून पाणी तापवायचे रॉड बाहेर निघतात, इस्त्री फिरवून मोजे वाळवले जातात, कॉइलच्या शेगडीवर चहा होतो. दंडाची नोटीस बोर्डावर लावलेली असतेच. पण दंडामुळे रॉड होस्टेलबाहेर जात नाही, कपाटात जातो. वॉर्डन तपासणीला आले की पोरं तापलेला रॉड तसाच टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंबतात. आग लागायला एवढं पुरतं.

थोडा हिशेब करू. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर करंट घेतो. म्हणजे पंख्या-ट्यूबलाईटच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो एकटाच जड जातो. त्याच एक्स्टेंशन बोर्डवर १५०० वॅटची किटली आणि १००० वॅटची इस्त्री लावली की बेरीज १७.४ अँपिअरवर जाते. ‘जास्त झालं तर एमसीबी (करंट वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडेल की,’ असं सगळे म्हणतात. तो पडत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअरपर्यंतचा करंट तासभर बिनतक्रार जाऊ देतो, कारण तो तशाच मानकाप्रमाणे बनवलेला असतो. भिंतीतली जाड वायर हे सोसते. स्वस्त एक्स्टेंशनची वायर बहुतेकदा पाऊण चौरस मिलिमीटरची असते आणि तिची ताकद सहा-सात अँपिअरचीच. करंट अडीच पट झाला की वायरीतली उष्णता सहा पट होते. तिच्यावर गादी किंवा पांघरूण असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही, आधी वायरीचं प्लास्टिक मऊ होतं आणि मग पेटतं.

आगीचं दुसरं कारण याहून फसवं आहे: सैल पिन. करंट प्रमाणातच असतो, पण सैल जागी ठिणग्या उडतात आणि तेवढाच भाग तापतो. इथे एमसीबीला काही कळतच नाही. खुणा मात्र आधीपासून दिसतात. सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग, प्लग काढल्यावर पिन हाताला चटका देणारी, जळक्या माशासारखा वास. असा सॉकेट त्याच दिवशी बदलायचा, टेप गुंडाळून चालवायचा नाही.

तिसरं कारण लाईट जाण्याचं, आणि आपल्याकडे जोराच्या पावसात ती जातेच. बादलीत रॉड लावलेला असताना लाईट जाते. मुलगा कोमट पाणी घेऊन अंघोळ उरकतो, रॉड रिकाम्या बादलीत तसाच, बटण चालू. खोलीला कुलूप लावून तो लेक्चरला जातो आणि अकरा वाजता लाईट येते. कोरडा रॉड काही मिनिटांत लाल होतो, बादली वितळते, शेजारची गादी धरते. लाईट गेली की आधी बटण बंद करून प्लग काढायचा, ही सवय पहिल्या आठवड्यातच नव्या मुलांना लावली पाहिजे.

म्हणून मागणी बंदीची नको, सोयीची हवी. प्रत्येक मजल्यावर सामाईक गिझर, त्याला स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाईट तोडणारा स्विच. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर तो पडला नाही तर तो निकामी आहे. पावसाळ्यापुरती एक खोली पंखे लावून कपडे वाळवायला द्यायची. १५ लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला रॉडला सतरा-अठरा मिनिटं लागतात. नळाला गरम पाणी असेल तर तेवढा वेळ कोणी थांबेल कशाला?

रात्रीच्या कुलपाचंही तसंच. दहा वाजता जिन्याच्या जाळीच्या गेटला साखळी-कुलूप लागतं आणि किल्ली खालच्या वॉचमनमामांच्या खिशात. धूर जिन्यातून वर चढतो. खाली येऊ पाहणारी मुलं गेटपाशी अडकतात आणि मामांना धुरात वर जाता येत नाही. बाहेरून कोणी येऊ नये ही काळजी योग्यच आहे, विशेषतः मुलींच्या होस्टेलला. पण त्यासाठी आतून किल्लीशिवाय उघडणारी आणि उघडताच घंटा वाजवणारी कडी मिळते. ती बसवेपर्यंत एक किल्ली प्रत्येक मजल्यावर काचेच्या पेटीत हवी. जिन्याखालच्या मोडक्या खाटा आणि फोमच्या गाद्या आजच हलवा. फोम जळताना सायनाइडयुक्त वायू सुटतो. ओल्या रुमालाने धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, त्यामुळे धुरात शिरण्याची हिंमत करू नका. जिन्यात धूर दाटला असेल तर खोलीचं दार लावून फटीत ओले कपडे कोंबा, खिडकीशी थांबा आणि ११२ ला फोन करून मजला व खोली नंबर सांगा. आरडाओरडा करताना ‘आग’बरोबर कन्नडमधलं ‘बेंकी’ही ओरडा, कारण मजल्यावर बागलकोट-विजापूरची मुलंही झोपलेली असतात.

भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर सहा किलो पावडरचा असला तर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. म्हणून तो कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी, पाठीशी बाहेरचं दार ठेवून. पिन ओढा, नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे, बुडाशी धरा, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवा. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघा आणि सिलिंडर एकदा उलटा-सुलटा करा, म्हणजे तळाशी बसलेली पावडर सुटी होईल. कॉम्प्युटर लॅबमध्ये पावडर मारली तर यंत्रं खराब होतात. तिथे कार्बन डायऑक्साइडचा ठेवा. त्याला गेज नसतो, भरलेला आहे की नाही हे वजनावरून कळतं.

लॅब आणि मेसचं थोडक्यात. पेटलेल्या सोडियमवर पाणी नाही, कोरडी वाळू. पटकन पेटणारं ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये, थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते. कढईतलं तेल पेटलं तर मेसच्या मावशींनी गॅस बंद करून झाकण ठेवायचं; पाणी पडलं तर पेटतं तेल छतापर्यंत उडतं. गॅसचा वास आला तर तो जमिनीलगत साचलेला असतो, तेव्हा एक्झॉस्ट फॅनचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, आधी रेग्युलेटर बंद आणि दारं उघडी. भुतरामहट्टीकडच्यासारख्या माळावर कॅम्पस असेल तर फेब्रुवारीच्या आधी इमारतींभोवतीचं वाळकं गवत काढून पट्टा मोकळा करायचा आणि पालापाचोळा पेटवणं पूर्ण थांबवायचं.

शनिवारी खानापूर, निपाणी, चंदगडची मुलं घरी जातात. कोण गेलं आणि कोण खोलीत आहे याची वही गेटपाशी हवी, वॉर्डनच्या कुलूपबंद कपाटात नको. ती हाताशी नसेल तर घरी पोहोचलेल्या मुलाला शोधायला बंबावरचे जवान धुरात शिरतात.