मॉनिटर लॉग: विसावा बाइट

काल रात्री पावणेबाराला २२ इंची मॉनिटर एचडीएमआयवर १९२० बाय १०८० मध्ये उजळला. जबरदस्तीचा मोड नाही, लॉगिनला चालवायची स्क्रिप्ट नाही. केबल खोचली आणि दोन सेकंदांत डेस्कटॉप पसरला. इतके दिवस लॅपटॉपला हा मॉनिटर दिसतच नव्हता; तीन आठवडे ज्याच्या मागे होतो ते सगळं एका बिटावर अडलं होतं. सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय, कारण यातली एक गोष्ट मला कुठल्याच मार्गदर्शकात सापडली नाही.

मागच्या नोंदीत कुठे थांबलो होतो ते आधी सांगतो. लॅपटॉप थिंकपॅड टी४८०, त्यावर लिनक्स मिंट २२, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.८, पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली एक्स११. एक्सरँडर (पडद्यांची सोय पाहणारी आज्ञा) एचडीएमआय-२ या पोर्टला 'डिसकनेक्टेड' म्हणत होता. बूटच्या ओळीत व्हिडिओ पॅरामीटरच्या शेवटी 'ई' लावून पोर्ट बळजबरीने चालू केला की १०२४ बाय ७६८ मिळायचं. त्यावर सीव्हीटी या आज्ञेने काढलेली मोडलाइन (पडद्याच्या मोडचे आकडे) चढवली की १०८० सुद्धा यायचं. पण आवाज नाही. शिवाय केबल काढली तरी लॅपटॉपच्या मते मॉनिटर जागेवरच, त्यामुळे खिडक्या त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसायच्या. आईला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि तिच्यासमोर नुसता वॉलपेपर, असं दोनदा झालं. तेव्हाच तो उपाय सोडला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'आधी केबल बदल' म्हणून सांगितलं होतं. बदलली. पुण्याला गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतून दीड मीटरची, जाड, नीट बसणारी केबल आणली. काही फरक नाही. केबलबद्दल माझं मत आता पक्कं आहे: १०८० ला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचं पिक्सेल घड्याळ (ठिपके पाठवण्याचा वेग) लागतं, आणि तेवढं साधी पण घट्ट बसणारी केबल आरामात नेते. सोन्याच्या मुलाम्याला जास्तीचे पैसे देऊ नका. कनेक्टर हलतो का तेवढं बघा.

खरी दिशा मिळाली ती आयटूसीडम्पमुळे, म्हणजे चिपमधले बाइट थेट वाचणाऱ्या साधनामुळे. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ईडीआयडीचा, म्हणजे मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो त्या माहितीचा, चेकसम (बेरजेचा ताळा) चुकल्याची तक्रार होती आणि सिसएफएसमधली (कर्नल माहिती दाखवतो त्या फोल्डरातली) ईडीआयडी फाइल रिकामी. पहिला ब्लॉक (१२८ बाइटचा तुकडा) पटला नाही तर कर्नल तो पुढे देतच नाही. मथळ्याच्या आठ बाइटपैकी एखाददुसरा बिघडला असेल तर तो स्वतः दुरुस्त करून घेतो, पण पोटातली गडबड त्याला चालत नाही. म्हणून कर्नलला बाजूला ठेवून थेट मॉनिटरमधून, ५० हेक्स (सोळाच्या पायाची मोजणी) या पत्त्यावरून वाचलं. दहा वेळा वाचलं, दहा फायली केल्या, दहांचा एमडी५सम (फाइलचा ठसा) एकच आला. लाइन खराब असती तर दर वेळी वेगळा कचरा आला असता. म्हणजे पोर्ट, केबल, ही माहिती नेणाऱ्या १५ आणि १६ नंबरच्या पिना, सगळं निर्दोष. चूक मॉनिटरच्या आत, साठवलेल्या माहितीतच.

डम्प डोळ्यांसमोर धरला की रोग लगेच दिसतो. सोळा-सोळा बाइटच्या सोळा ओळी. पहिल्या चार ओळी धडधाकट: सुरुवातीला शून्य-शून्य, मग सहा एफएफ, पुन्हा शून्य-शून्य, पुढे कंपनीचा कोड, आकार, रंगांचे आकडे. पाचव्या ओळीपासून आठव्यापर्यंत नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ. चौसष्ट बाइट पुसले गेलेले. नवव्या ओळीपासून पुन्हा खरा मजकूर.

इथे एक कळकळीची सूचना. ५० हेक्स हाच पत्ता रॅमची ओळख साठवणाऱ्या एसपीडी चिपचाही असतो, फक्त ती एसएमबस या वेगळ्या बसवर (तारांच्या जोडीवर) असते. आयटूसीडिटेक्ट ही आज्ञा देते ती बसची यादी नीट वाचा, 'आय९१५ जीएमबस' लिहिलेलाच बस घ्या (आय९१५ म्हणजे इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर). आय८०१ लिहिलेल्या बसला चुकून काही लिहिलंत तर मॉनिटर राहील बाजूला आणि रॅमची पट्टी जाईल.

आता पुसलेले चौसष्ट बाइट आणायचे कुठून? या मॉनिटरला मागे व्हीजीए हे जुनं पोर्ट पण आहे, आणि व्हीजीएची ईडीआयडी वेगळी साठवलेली असते. माझ्या लॅपटॉपला व्हीजीए नाही. आठवला मामांच्या अडतीतला जुना डेस्कटॉप. मॉनिटर चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत उभा केला आणि विश्रामबागहून मार्केट यार्डात गेलो. हळदीचे सौदे चालू होते, गाळ्यात पाऊल टाकलं की घशाला हळद लागते. मामांनी विचारलं, "काय करायला लागलायस रे? त्यात टॅली आहे."

"मामा, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. पेनड्राइव्हवरून चालू करतो, दहा मिनिटांत परत देतो."

"बारा वाजता हिशेबाच्या पट्ट्या काढायच्यात. त्याच्या आत कर."

लाइव्ह मिंट, व्हीजीए केबल, सिसएफएसमधली ईडीआयडी कॅट आज्ञेने वाचली, फाइल पेनड्राइव्हवर. १२८ बाइट, चेकसम बरोबर. ईडीआयडी-डिकोड या साधनाने मॉनिटरचं नाव, अनुक्रमांक, १०८० चा टायमिंग, सगळं वाचून दाखवलं. मामांना बारा वाजायच्या आत टॅली चालू करून दिली.

घरी येऊन फाइल लिब-फर्मवेअरखाली ईडीआयडी फोल्डरात टाकली आणि कर्नलने मॉनिटरऐवजी ती वाचावी म्हणून बूटच्या ओळीत डीआरएम डॉट ईडीआयडी_फर्मवेअर हा पॅरामीटर लावला. दोन जागी लोक फसतात. जुन्या लेखांत डीआरएम_केएमएस_हेल्पर असं नाव असतं, ते ४.१५ च्या आधीचं. आणि पोर्टचं नाव एक्सरँडरचं नको, कर्नलचं हवं: एचडीएमआय-२ नव्हे, एचडीएमआय-ए-२. दोन्ही बरोबर होतं. डीमेसेज सांगत होता की बाहेरची ईडीआयडी मिळाली. तरी स्टेटस 'डिसकनेक्टेड'.

इथे माझे पाच दिवस गेले. फाइल मिळतेय, चेकसम जुळतोय, डिकोडर वाचतोय, आणि पोर्ट म्हणतोय कोणी जोडलेलंच नाही. ६.८ कर्नलच्या पोटातच १९२० बाय १०८० ची एक तयार ईडीआयडी असते (नंतरच्या कर्नलांतून ती काढून टाकली आहे), फाइल न ठेवता नुसतं नाव दिलं की चालते. ती लावली, तरी तेच. ६.८ सोडून जुन्या कर्नलवर गेलो, तेच. डीबगएफएसमधल्या (कर्नल तपासायच्या खास फोल्डरातल्या) ईडीआयडी_ओव्हरराइडमध्ये फाइल ओतून बघितली, तेच. (हे डीबगएफएसचं दार मात्र फार उपयोगाचं. रीबूट न करता फाइल बदलून बघता येते, आणि 'रीसेट' लिहिलं की पूर्ववत.)

शेवटी ड्रायव्हरच्या मूळ कोडमधली इंटेल_एचडीएमआय.सी ही फाइल उघडली आणि स्टेटस कुठे ठरतं ते शोधत खाली खाली गेलो. तिथे एक अट आहे: ईडीआयडी मिळाली आणि तिच्यात डिजिटलचा बिट असेल, तरच 'कनेक्टेड'. खुर्चीतून उठून उभा राहिलो. माझी फाइल व्हीजीएची! तिच्यात 'मी ॲनालॉग मॉनिटर आहे' असं स्वच्छ लिहिलेलं. डिकोडरने पण ते पहिल्या काही ओळींतच छापलं होतं आणि माझी नजर थेट टायमिंगवर गेली होती. कर्नलमधली तयार फाइलसुद्धा ॲनालॉगचीच निघाली, तिच्या विसाव्या बाइटमध्ये ६डी आहे. म्हणून एचडीएमआयवर तीही नापास.

शून्यापासून मोजलं तर विसावा बाइट. माझ्या फाइलमध्ये तिथे ६८ हेक्स होता, तो ८० केला. म्हणजे १०४ चे १२८ झाले, बेरीज २४ ने वाढली. सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने निःशेष जायला हवी, म्हणून शेवटच्या बाइटमधून २४ काढले: ५सी होता, ४४ झाला. हेक्स एडिटरमध्ये दोन बाइट. डीबगएफएसमध्ये ओतलं, स्टेटस फाइलमध्ये 'डिटेक्ट' लिहिलं, आणि मॉनिटर उजळला. ते पावणेबारा.

फाइल कायमची बसवायला अजून एक अडथळा होता, तो लवकर सुटला. रीबूट केल्यावर एरर -२, फाइल नाही. केबल काढून परत लावली की मात्र बरोबर चालायचं. माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, त्यामुळे आय९१५ इनिट्रॅमएफएसमध्येच (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या तात्पुरत्या फाइल-व्यवस्थेत) चढतो, तेव्हा लिब-फर्मवेअर अजून उघडलेलंच नसतं. इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या हुक्समध्ये फाइल कॉपी करणारी चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली, तिला एक्झिक्युटची परवानगी दिली, इनिट्रॅमएफएस नव्याने बांधला, एलएसइनिट्रॅमएफएसने फाइल आत आहे ना ते पाहिलं. डिस्कचा पासवर्ड विचारणारी खिडकी आता दोन्ही पडद्यांवर येते. ती बघून फार समाधान वाटलं.

राहिला आवाज. ईडीआयडीला एचडीएमआयचा पुढचा ब्लॉक नसेल तर ड्रायव्हर समोरच्याला डीव्हीआय (नुसत्या चित्राचं जुनं पोर्ट) समजतो आणि आवाज पाठवतच नाही. व्हीजीएच्या फाइलीत तो ब्लॉक असणारच नाही. आवाजासाठी वेगळी वायर लॅपटॉपच्या जॅकमधून काढायची असं ठरवलं होतं आणि इथे तसंच लिहिणार होतो.

पण वर डम्पचं वर्णन लिहिताना मीच लिहिलंय: 'नवव्या ओळीपासून पुन्हा खरा मजकूर.' तोच तर पुढचा ब्लॉक! तो पुसला गेलेलाच नाही. मग जोडकाम करता येईल: पहिले ६४ बाइट मॉनिटरच्या एचडीएमआय चिपमधले, तिथे डिजिटलचा बिट मुळातच आहे, मधले ६४ व्हीजीएच्या फाइलीतले, शेवटचे १२८ परत चिपमधले. पहिल्या ब्लॉकच्या १२६ व्या बाइटमध्ये 'पुढे एक ब्लॉक आहे' म्हणून १ टाकायचा आणि चेकसम नव्याने काढायचा. नोंद इथे थांबवतो, करून बघतो.

दुपारी सव्वातीन. चाललं. डीडी आज्ञेने तीन तुकडे जोडले, २५६ बाइटची फाइल, डिकोडरची एकही तक्रार नाही. सकाळपर्यंत 'ईएलडी व्हॅलिड' (पडद्याला आवाज चालतो ही खूण) शून्य होता, आता एक. मॉनिटरचे स्पीकर बारीकच आहेत, पण बोलले. आईचा कॉल तिकडूनच लावून दिला.

एक मात्र बदललं. टर्मिनलचा काळा रंग राखाडी झाला, चित्रावर धुकं आल्यासारखं. ड्रायव्हर आता मॉनिटरला खरा एचडीएमआय समजतो, आणि १०८० हा टीव्हीच्या यादीतला मोड असल्याने 'ऑटोमॅटिक' रंगांची रेंज १६ ते २३५ करून टाकतो. एक्सरँडरने 'ब्रॉडकास्ट आरजीबी'ला 'फुल' केलं की काळा परत काळा. ही एक ओळ लॉगिनला ठेवावी लागली. तेवढी चालेल.

पुढे काय? फाइल फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. दादा त्याचा लॅपटॉप घेऊन आला की हाच मॉनिटर त्याच्यासाठी बंदच. म्हणून चिपच नीट करायची आहे. केबलमधून आयटूसीसेटने लिहायचा विचार होता, पण राइट-प्रोटेक्ट असणार आणि चुकीच्या बसची भीती आहेच. त्यापेक्षा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपमध्ये लिहायचं छोटं यंत्र) आणि आठ पायांचा क्लिप. त्या प्रोग्रामरच्या ५ व्होल्टबद्दल लोक ओरडतात ते ३.३ व्होल्टच्या बायोस चिपसाठी खरं आहे. २४सी०२ ला, म्हणजे ईडीआयडी साठवायच्या छोट्या चिपला, ५ व्होल्ट चालतात. आत सुटी २४सी०२ आहे की ईडीआयडी स्केलरच्याच (चित्र पडद्याला जुळवणाऱ्या मुख्य चिपच्या) फ्लॅशमध्ये आहे, ते उघडल्यावर दिसेल. स्केलरमध्ये असेल तर तिथेच थांबणार, चालू मॉनिटरचं फर्मवेअर मी खरवडणार नाही. रविवारी मागचं कव्हर काढतोय. कडेच्या खाचा न तोडता कव्हर सोडवायला तुमच्यापैकी कोणी काय वापरलं ते सांगा. माझ्याकडे सध्या गिटारचा एक पिक आहे आणि प्लॅस्टिकची एक पट्टी.