कारभारीचा रंग कोणता?

आमचा कारभारी लाल आहे असं मी म्हणालो आणि त्या एका शब्दापायी नऊ दिवस गेले.

कारभारी म्हणजे आमचा घोडा. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला, खस्सी केलेला, साताऱ्याजवळ लिंबला आमच्या शेतावर असतो. त्याच्यावर बसते भाची आणि मोतद्दार, म्हणजे त्याची निगा राखणारा, मी. पुण्याजवळ इव्हेंटिंगची तीन दिवसांची स्पर्धा होती. पहिल्या दिवशी ड्रेसाज, म्हणजे ठरलेल्या चाली करून दाखवणं, दुसऱ्या दिवशी क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातले अडथळे ओलांडत धावणं, तिसऱ्या दिवशी शो जंपिंग, म्हणजे मैदानात दांड्यांवरून उड्या. तिन्हीला घोडा तोच, स्वारही तोच. भाचीने तबेल्याच्या दारावर भारताचा इव्हेंटिंगपटू फवाद मिर्झाचा फोटो लावलाय, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं तेव्हाचा. तिची तयारी वर्षभराची. माझी तीन आठवड्यांची, आणि तीही बरीचशी कागदांची.

इन्फ्लुएंझा आणि धनुर्वाताच्या लसी घोड्याच्या पासपोर्टात, म्हणजे त्याच्या ओळखपुस्तिकेत, नोंदलेल्या होत्या. अडलं ते ग्लँडर्सपाशी. हा जिवाणूचा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावाच लागतो. तेव्हा रक्ततपासणी मागतात ते बरोबरच आहे. आमचा नमुना पार हरियाणात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जायचा होता. डॉक्टरांनी रक्त घेतलं, सोबतच्या पोऱ्याने फॉर्म भरायला घेतला. "रंग?" कारभारी पाय आपटत होता, मी लगाम धरून घामाघूम. म्हणालो, "लाल लिही की."

अहवाल निगेटिव्ह आला. पेढे आणायचेच बाकी होते. मग प्रवासाच्या आरोग्य दाखल्यासाठी कागद घेऊन एका कार्यालयात गेलो, तर टेबलामागच्या गृहस्थांनी अहवाल आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "काका, हे दोन वेगळे घोडे आहेत."

माझ्या 'लाल'चं वाटेत कुणीतरी 'चेस्टनट' केलं होतं. पासपोर्टात 'बे' होतं. अंगाने दोन्ही तांबूसच, पण बे म्हणजे आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखाली पाय काळे, आपल्या जुन्या लोकांचा कुमैत. चेस्टनटची आयाळ-शेपटी काळी नसते. मी मोबाईलवर फोटो दाखवला. "फोटो कुणाचाही असू शकतो." मानेतल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर दोन्ही कागदांवर एकच आहे, हे बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "नंबर बरोबर आहे, पण रंग जुळत नाही ना." म्हणजे पंधरा आकडे खोटे आणि एक शब्द खरा!

दुसऱ्या खेपेला सांगितलं, रंगाचा दाखला आणा. घोड्याच्या रंगाचा दाखला कोण देतं हो? तलाठी? मी खरंच विचारलं. ते हसले नाहीत. तिसऱ्या खेपेला साहेब बैठकीला. चौथ्या खेपेला साहेब होते, पण फाईल 'वर' गेली होती आणि वर जेवणाची सुट्टी होती. समोरच्या टपरीवर चहा पीत मी दिवस मोजत बसलो. मधल्या दोन रात्री भाचीने फोनवर एकच विचारलं, "मामा, झालं का?" तिसऱ्या रात्री तिने विचारणंही सोडलं, ते जास्त लागलं.

सुटलं ते असं. रक्त घेणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: नमुना घेतलेला अश्व बे रंगाचा, चिप क्रमांक अमुक, फॉर्ममधली नोंद चुकीची. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. ते पत्र, पासपोर्टमधल्या, अंगावरच्या खुणा दाखवणाऱ्या आकृतीच्या पानाची प्रत आणि घोड्याचे दोन्ही बाजूंचे, समोरचे नि मागचे फोटो हिसारला ई-मेलने गेले. दुरुस्त अहवाल आला. दाखल्यावर सही झाली तेव्हा ट्रक दारात उभा होता. मला आनंद झाला नाही, फक्त भूक लागली.

म्हणून सांगतो, नमुना देताना पासपोर्ट हातात धरून उभे राहा, त्यातला शब्द जसाच्या तसा लिहून घ्या आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा. चूक पोऱ्याची नव्हती, माझी होती, हे मी त्या कार्यालयात शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

आणि एक कबूल करतो. स्पर्धेच्या तबेल्यावर पशुवैद्यांनी चिप तर तपासलीच, शिवाय आकृती घेऊन कपाळावरचा भोवरा, मानेवरचा भोवरा, मागच्या डाव्या पायाचा पांढरा पट्टा असं एकेक ताडून पाहिलं. आपल्याकडे भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघतात, ते ओळख बघतात. चेस्टनट लिहिलेला कागद तिथे फाटकातच अडकला असता.

बाकी तीन दिवस बरे गेले. ड्रेसाजआधीच्या तपासणीत घोडा दुडक्या चालीने पळवून दाखवायचा असतो. मी त्याच्या पुढे धावलो, तर पंचांनी परत पळवायला लावलं. खांद्याजवळ राहायचं, दोर सैल सोडायचा, म्हणजे मान मोकळी हलते आणि लंगडणं लपत नाही. क्रॉस-कंट्रीत पाण्याच्या अडथळ्यापाशी कारभारी एकदा अडला, वीस गुण गेले. तिथे ओरडलो ते मी, भाची गप्प होती.

धावून आल्यावर मात्र मोतद्दाराचं काम. गरम घोड्यावर गार पाणी घातलं की अंग धरतं, असं आमचे आजोबा सांगायचे. तसं काही नाही. खोगीर काढून बादल्यांवर बादल्या गार पाणी ओतत राहायचं, मधे चालवायचं. नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते. ती उतरत येईपर्यंत दाणा नाही. पाणी पिऊ द्यायचं.

पाण्यावरून आठवलं. हे आधीच सांगायला हवं होतं. घोडा परक्या पाण्याला नाक मुरडतो. आम्ही निघण्याआधी दोन आठवडे घरच्या पाण्यात चिमूटभर गूळ घालत होतो, तिथेही तसंच केलं, तो बिनतक्रार प्याला. लसूणघास आणि गवतही घरचंच नेलं. एकदम चारा बदलला की पोटशूळ. लीद रोज बघा, मोजा. आणि शेजारच्या तबेल्यातला कुणी कौतुकाने चहा पाजायला आला तर हात जोडा, कॅफीन चालत नाही. मिरचीचं मलमही नाही, ते उत्तेजक-चाचणीत पकडलं जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासणी, पास. शो जंपिंगमध्ये एक दांडा पडला, चार गुण. आम्ही अकरावे.

परवा त्या कार्यालयातून फोन आला. डॉक्टरांच्या पत्राची त्यांची प्रत फाईलला लावायची राहिली आहे, मूळ कागद घेऊन या म्हणाले. सोमवारी जातोय.