मेखला, नोंद तिसरी: दोन बोटं कमी

भाच्याच्या मुंजीत कमरेला बांधायची दोरी, म्हणजे मेखला, मी मुंजगवताची हातानं वळतोय. मागच्या वेळची दोरी वाळल्यावर उसवली. चूक माझीच. मुंजगवत रात्रभर बादलीत बुडवलं होतं. फुगलेल्या पातींना पीळ दिला, त्या सुकून आकसल्या आणि पेड ढिले पडले. या खेपेला पाती ओल्या फडक्यात तासभर गुंडाळल्या, मग हलक्या हातानं ठेचल्या. फरक लगेच कळतो.

दुसरी चूक साताऱ्याच्या बाजारात कळली. बेंदराच्या आधी दावी-कासरे घेऊन बसणारे एक मामा आहेत. त्यांनी माझा नमुना घेतला, टोकाला उलटी फिरकी दिली आणि सगळं सोडून दाखवलं. "पेड उजवीकडं वळलास ना, मग तिन्ही मिळून डावीकडं वळ. एकमेकावर रुसून बसलं की सुटत न्हाई. आन् नवी पात तिन्ही पेडांत एकाच जागी भरू नगंस, थितंच तुटतंय."

भाच्याच्या मेखलेसाठी बैलांच्या कासऱ्यापाशी गेलो म्हणून ताई हसली. पण संस्कृतात लगाम आणि बाईचा कमरपट्टा, दोन्हींना 'रशना' हाच शब्द चालतो. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय, बांधायचंच की दोन्ही."

मनुस्मृतीत ब्राह्मण बटूला मुंजाची, क्षत्रियाला धनुष्याच्या दोरीसारखी मूर्वा वेलीच्या धाग्यांची आणि वैश्याला तागाची मेखला सांगितली आहे. मुंज नाही मिळालं तर कुश गवत किंवा अश्मंतक वनस्पतीही चालते. गाठी एक, तीन किंवा पाच. म्हणजे मालाची अडचण तेव्हाही होतीच! मला दुकानात मेखला म्हणून चक्क सुतळी दिली होती. विधीचं नाव मौंजीबंधन आणि त्यातलं मुंजच गायब, हे मला पटेना. या खटाटोपाचं मूळ तेच.

अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात मेखलेवर एक सूक्त आहे. त्यात ती श्रद्धेची मुलगी, तपातून जन्मलेली, ऋषींची बहीण आहे. कमरेच्या दोरीला इतकं घरचं नातं देणारं दुसरं काही मला आढळलं नाही. ग्रीकांकडे पट्टा हातोहात फिरतो: देवी हेरा प्रेमदेवता अफ्रोडाइटीकडून उसना नेते, ॲमेझॉन राणी हिप्पोलिटाचा आणायला वीर हेराक्लीसला धाडतात. मेखला कुणी उसनी नेत नाही. तुटली की पाण्यात सोडायची आणि मंत्र म्हणून नवी घ्यायची.

पारशांचा कमरेला बांधायचा पवित्र दोरा, कुस्ती, जास्त अवघड. लोकरीचे 72 धागे, त्यांच्या यस्ना या धर्मग्रंथाच्या 72 अध्यायांचे. पोकळ नळीसारखी विणून ती उलटी करतात आणि कमरेला तीन वेढे घालतात. सुती धाग्यावर करून पाहिली. उलटी करताना अर्ध्यात अडकली. तो विषय सध्या बंद.

आता मुंजीच्या मेखलेची लांबी. भाच्याची कंबर 55 सेंटीमीटर, आमच्या गुरुजींच्या पद्धतीनं तीन वेढे म्हणजे 165. दोन-दोन मीटरचे तीन पेड वळले आणि खुशाल राहिलो. एकत्र वळल्यावर उरलं पावणेदोन मीटर. पीळ लांबी खातो, हे शेवटी कळलं. वेढे बसले, पण गाठीला दोन बोटं कमी. यशोदेची दोरीही कृष्णाला बांधताना दर वेळी दोन बोटंच कमी पडायची; शेवटी पोटाला दाम म्हणजे दोरी बांधली गेली, म्हणून तो दामोदर. आई म्हणाली, "तिचा दामोदर झाला, तुझी नुसती दोरी राहिली."

पुढचे पेड अडीच मीटरचे घेतोय. आखूड दोरीवर आईनं घेवड्याचा वेल चढवलाय, त्यामुळे ती परत मिळायची नाही.