५० मेगाहर्ट्झमध्ये काढलेली वर्षे

आमचा व्यवसाय कराडचा, बिनतारी इंटरनेट पुरवण्याचा. २००९ साली एका परवानाधारक इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी घेऊन आम्ही चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पहिला ओम्नी, म्हणजे चहूकडे सिग्नल फेकणारा, अँटेना उभा केला. २.४ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, निवडण्यात आमची काही हुशारी नव्हती. २००५ साली केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला केला होता आणि स्वस्त यंत्रे त्याच बँडची मिळत होती. पुढची तीन-चार वर्षे बरी गेली, त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

सांगण्यासारखे आहेत ते अण्णा. पाच किलोमीटरवरच्या एका गावातील दूध संस्थेचे ते सचिव. आमच्या पहिल्या दहा ग्राहकांपैकी एक आणि आजही ग्राहक. त्यांची जोडणी चैत्र-वैशाखात उत्तम चाले आणि पावसाळा सरता सरता रडू लागे. आम्ही पावसाला दोष देत होतो, जो या धंद्यातला प्रत्येक नवखा देतो. वास्तविक या फ्रिक्वेन्सीवर पाऊस सिग्नलचे फारसे काही बिघडवत नाही. बिघडवते ते कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. पण अण्णांच्या छतावरचे कनेक्टर कोरडे होते आणि दुर्बिणीतून आमची टाकीही स्वच्छ दिसत होती. एका संध्याकाळी अण्णाच म्हणाले, "साहेब, मधला ऊस तुटला की तुमचं नेट सुधारतं, हे तुम्ही बघितलंय का?"

आम्ही बघितले नव्हते. दोन अँटेनांमधली वाट दोरीसारखी सरळ नसते, मध्यभागी ती फुगीर होते. २.४ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरच्या मध्यावर त्या फुगवट्याची त्रिज्या साधारण साडेबारा मीटर भरते आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे साडेसात मीटर, मोकळा लागतो. आमची रेषा मध्यावर जमिनीपासून नऊ मीटरवरून जात होती. त्यात चार मीटर उंचीचा आडसाली ऊस उभा राहिला, की हाती उरत पाच मीटर. हेच गणित ५.८ गिगाहर्ट्झवर मांडले, तर त्रिज्या आठ मीटरवर येते आणि पावणेपाच-पाच मीटर मोकळे असले तरी भागते. ऊस वर्षभर हलणार नव्हता, म्हणून बँड हलवणे भाग होते, हे अण्णांच्या त्या एका वाक्याने आम्हाला शिकवले. तरीही पैशाअभावी आम्ही ते वर्षभर लांबवले आणि तिथेच फसलो.

२०१३ च्या दिवाळीत समोरच्या गच्चीवर एक प्रतिस्पर्धी आले. नाव लिहीत नाही. कराडमधल्या जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे. त्यांनी २.४ गिगाहर्ट्झवर थेट ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, म्हणजे बँडमधली एक वाट, लावला. सगळा बँडच साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा, त्यातला जवळपास अर्धा एकट्याने व्यापायचा आणि वर जाहिरातीत "दुप्पट स्पीड" छापायचे. चार महिन्यांत आमच्या दोनशे दहा जोडण्यांपैकी एकशे चाळीस उरल्या. कामावरच्या दोन मुलांचे पगार थकले, पतसंस्थेत घरचे सोने तारण ठेवावे लागले आणि सुरुवातीपासूनचे भागीदार आपला वाटा मागून बाहेर पडले. त्यांचा राग नाही. मात्र जाताना क्रिम्पिंग टूल आणि ती दुर्बीणही ते घेऊन गेले, एवढे नमूद करतो.

त्या काळात मी रात्री एक वाजता लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसत असे आणि स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे त्याचा, आलेख पाहत असे. शेजाऱ्यांचा रुंद डोंगर त्यात दिसतच होता. एका रात्री त्यांची वीज गेली, डोंगर नाहीसा झाला आणि तरीही आमचा आलेख गढूळच राहिला. तो गढूळपणा आमचा स्वतःचा होता. ओम्नी काढून आम्ही तीन सेक्टर अँटेना, म्हणजे एकेका दिशेला सिग्नल देणारे, लावले होते आणि त्यांना ३, ६ आणि ९ हे चॅनेल दिले होते, कारण आकडे वेगळे म्हणजे वाटा वेगळ्या, असा आमचा समज होता. चॅनेलचे आकडे पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत, प्रत्येक चॅनेल मात्र वीस मेगाहर्ट्झ जागा घेतो. ३ आणि ६ यांच्यात अंतर अवघे पंधरा मेगाहर्ट्झचे, म्हणजे तीनही सेक्टर एकमेकांच्या अंगावर बोलत होते. एकाच चॅनेलवरची यंत्रे निदान परस्परांचे बोलणे ओळखून थांबतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनेलांना पलीकडचे बोलणे कळत नाही, त्यांच्या लेखी तो नुसता गोंगाट असतो. सकाळ होण्याआधी मी १, ६ आणि ११ लावले. शेजाऱ्यांनी आमचे नुकसान केले हे खरेच आहे, पण त्यातला बराच वाटा आमच्याच टाकीवरचा होता, हे लिहायला मला इतकी वर्षे लागली.

त्यानंतर आम्ही उधारीवर ५.८ ची यंत्रे आणली. तेव्हा घराबाहेर वापरण्यासाठी ५ गिगाहर्ट्झच्या बाजूला कायद्याने खुला होता तो फक्त ५८२५ ते ५८७५ हा पट्टा, २००७ साली मिळालेला. एवढ्या ५० मेगाहर्ट्झमध्ये वीसचे दोनच चॅनेल बसतात. आम्ही दहा-दहाचे पाच केले: ५८३०, ५८४०, ५८५०, ५८६०, ५८७०. वेग कमी मिळाला, पण जोडण्या स्थिर राहिल्या. वाढलेल्या फ्रिक्वेन्सीमुळे हवेत सात-आठ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे माप) जास्त जातात, ते अण्णांकडे २४ डीबीआयची, म्हणजे सिग्नल एका दिशेला २४ डीबींनी वाढवणारी, डिश लावून भरून काढले. डिश लावली की प्रक्षेपणाची ताकद उतरवावी लागते, हेही पाळले: अँटेनासह मर्यादा चार वॅटची, म्हणजे ३६ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली ताकद), त्यातून २४ वजा केले की यंत्राला १२ डीबीएम उरतात, जेमतेम सोळा मिलिवॅट. एवढ्यावर पाच किलोमीटर जाते यावर लोकांचा विश्वास बसत नसे.

समोरचे मात्र त्या काळात ५६०० च्या आसपास, घराबाहेर, पूर्ण ताकदीने चालवत होते. रोज रात्री आम्हाला ते आलेखावर दिसे. तक्रार करा, असे अनेकांनी सुचवले. आम्ही केली नाही आणि त्याची चुटपुट अजून आहे. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५, असे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरही खुले केले. या धंद्यासाठी तो उत्तम निर्णय होता आणि त्यामुळेच आम्ही वाढलो. पण जे त्यांनी पाच वर्षे बेकायदा केले ते एका सकाळी कायदेशीर झाले आणि आमच्या पाच वर्षांच्या पन्नासांतल्या संसाराची कोणी दखलही घेतली नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. रुंद चॅनेलचा मोह धरू नका. रुंदी दुप्पट केली की गोंगाट तीन डीबींनी वाढतो आणि दूरच्या ग्राहकाला तो आधी भोवतो. ताकद वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण तुम्ही कितीही ओरडलात तरी ग्राहकाच्या छतावरचे यंत्र आपल्या आवाजातच उत्तर देणार. चॅनेल 'ऑटो'वर सोडू नका. केबल यंत्रात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, आणि जिथे उघडा कनेक्टर असेल तिथे आधी रबर टेप आणि मगच काळी टेप लावा.

अण्णांच्या संस्थेत आता फायबर आहे, तेही आमचेच. डिश मात्र ते काढू देत नाहीत; ती ५८४० वर चालू आहे आणि जेसीबीने फायबर तोडली की दुधाच्या फॅटची नोंद तिच्यावरून जाते. समोरचे प्रतिस्पर्धी २०२० नंतर गाशा गुंडाळून गेले. त्यांचा अँटेना काही वर्षे तसाच लोंबकळत होता, शेवटी घरमालकांनी तो उतरवायला आम्हालाच बोलावले. मी मुलांबरोबर स्वतः वर गेलो. कनेक्टरवर टेप नव्हती. फिरवून काढला तेव्हा आतून हिरवे झालेले पाणी हातावर सांडले. पाईप मात्र जाड जीआयचा होता. घरमालकांना नको होता, तो आम्ही आणला.